जीप व तिचा ट्रेलर : खरी प्रतिकृति कशी करावी

प्रदर्शनांत ठेवलेली चिमुकली मोटर पाहून “किती हुबेहूब!” असें आपण सहज म्हणतों. परंतु हुबेहूब म्हणजे नेमकी कशासारखी, हें आपण क्वचितच विचारतों. खेळणें व प्रतिकृति यांतील भेद येथेंच आहे. खेळणें पाहून मूळ वस्तूची आठवण झाली म्हणजे पुरे. प्रतिकृतीस मूळ वस्तूविषयीं साक्ष द्यावयाची असते, आणि साक्ष म्हटली कीं ती खरी असली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धांतील जीप व तिचा ट्रेलर यांची प्रतिकृति करतांना हें आम्हांस कसें कळून आलें, तें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम मूळ गाडीची हकीकत. १९४० सालीं अमेरिकन सैन्यास चारही चाकें इंजिनाच्या जोरावर फिरतील अशी एक हलकी गाडी हवी होती. पेन्सिल्व्हेनियांतील बटलर गांवच्या बॅण्टम नांवाच्या लहानशा कंपनीनें पहिली गाडी तयार करून २३ सप्टेंबर १९४० रोजीं सैन्याच्या हवालीं केली. परंतु मोठ्या प्रमाणावर गाड्या बांधण्याचें काम विलीज व फोर्ड या कंपन्यांस मिळालें. त्या दोन कंपन्यांनीं युद्धकाळांत सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. बॅण्टमच्या हातून तीन हजारही झाल्या नाहींत. पुढें बॅण्टमनें जीपमागें जोडावयाचे ट्रेलर बांधले. जिनें पहिली जीप केली तिच्या वाट्यास असा ट्रेलर आला, हें आमच्या विद्यार्थ्यांस समजलें तेव्हां ट्रेलर करण्यास सगळेच पुढें आले!

आतां प्रमाणाविषयीं. बाजारांतील प्लॅस्टिकच्या संचांत १:३५ हें प्रमाण फार आढळतें. जपानांतील तामिया कंपनीनें १९६० नंतर एका जर्मन रणगाड्याची प्रतिकृति काढली. तिच्यांत बॅटरीचे सेल मावावे म्हणून जें माप धरलें, तेंच पुढें रूढ झालें. आम्हांस पुठ्ठ्याचें काम करावयाचें होतें, म्हणून १:२४, म्हणजे एका फुटास अर्धा इंच, हें प्रमाण घेतलें. जीपच्या पुढच्या व मागच्या आंसांमधील अंतर ८० इंच. त्यास २४ नीं भागिलें कीं ३⅓ इंच, म्हणजे सुमारें ८५ मिलिमीटर. लांबी सुमारें १३२ इंच, ती साडेपांच इंच झाली. रुंदी ६२ इंच, ती अडीच इंचांहून किंचित् अधिक.

भागाकार सोपा आहे. अवघड गोष्टी निराळ्या. एक म्हणजे जाडी. अर्धा मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा २४ पट केला तर १२ मिलिमीटर होतो, आणि एवढ्या जाड पत्र्याची जीप कोणी बांधीत नाहीं. म्हणून मडगार्डाच्या व बाजूंच्या ज्या कडा डोळ्यांस दिसतात, त्या आंतल्या अंगानें पॉलिश पेपरनें घासून पातळ कराव्या. बाहेरचें माप बदलत नाहीं. दुसरी गोष्ट छायाचित्राची. त्यांत जवळचें चाक मोठें व दूरचें लहान दिसतें. छायाचित्रावरून आकार ओळखावा, माप घेऊं नये.

ट्रेलर दिसण्यांत साधा, पण त्यांत योजना पुष्कळ आहे. त्याची रुंदी ५६ इंच असून चाकें जीपच्याच मापाचीं आहेत. एकाचें चाक दुसऱ्यास बसतें. डबा पाणी न शिरेल असा असल्यामुळें तो नदींत तरंगतो, व आंत साचलेलें पाणी सोडण्यास तळाशीं बुचें आहेत. पुढच्या दांडीची कडी जीपच्या मागील आंकड्यांत अडकते. ती निसटली तरी ट्रेलर सुटूं नये म्हणून दोन साखळ्या असतात. सोडून ठेवलेला ट्रेलर पुढें कलंडूं नये म्हणून खालीं टेकू असतो. प्रतिकृति करणारानें येथें एक परीक्षा घ्यावी. जोडलेला ट्रेलर जमिनीशीं समांतर राहिला पाहिजे. तो झुकला, तर दोहोंपैकीं एकाचें माप चुकलें असें समजावें.

आमचा ट्रेलर समांतर उभा राहिला. चूक झाली ती जीपमध्यें. शाळेजवळील एका अंगणांत जुनी जीप उभी होती. मालकांच्या परवानगीनें मुलांनीं टेपनें मापें घेतलीं, पुढच्या जाळीच्या उभ्या खांचा मोजल्या. त्या सात भरल्या. त्याप्रमाणें तोंड कापलें व सैनिकी हिरवा रंगही दिला. प्रदर्शनास आठ दिवस उरले असतां एका विद्यार्थ्यानें युद्धकाळांतील छायाचित्रांत खांचा मोजल्या, तों त्या नऊ!

उलगडा पुढें झाला. स्वातंत्र्यानंतर मुंबईंत महिंद्र कंपनीनें विलीजच्या जीप जोडण्यास आरंभ केला; आपल्याकडील पुष्कळशा जुन्या जीप त्या नागरी घराण्यांतल्या. अंगणांतली जीप त्यांपैकींच होती : जाळीस सात खांचा, दिवे मोठे, मागें उघडणारी फळी. युद्धांतील जीपला नऊ खांचा, दिवे लहान व जाळीच्या आंत दबलेले, मागें फळी नाहीं, सुटें चाक पाठीवर. अगदीं आरंभींच्या विलीज गाड्यांची जाळी तर सुट्या पट्ट्यांची होती. आंसांमधील अंतर मात्र दोहोंचें ८० इंचच, म्हणून आम्हांस संशय आला नाहीं. तात्पर्य, “जीप” करावयाची एवढें ठरवून भागत नाहीं. कोणत्या सालची, हें आधीं ठरवावें लागतें.

“राहूं द्यावें, खांचा कोण मोजणार?” असें आमच्यांतलेच कांहीं म्हणाले. ज्यानें चूक शोधली तो म्हणाला, “सर, आतां मला त्या सातच दिसतात.” मग पुढची व मागची बाजू नवी केली. जुनें तोंड टाकून न देतां चुकीच्या कारणासह शेजारीं मांडून ठेवलें. पाहुणे तेथेंच अधिक वेळ थांबले.

मुलांस युद्धाच्या यंत्रांचें वेड कशाला, असें कांहीं पालकांच्या मनांत येईल. ती शंका रास्त आहे. परंतु जीपच्या चालकाच्या बाजूस दार नव्हतें, केवळ एक पट्टा होता, व डोक्यावर कापडी छत होतें, हें ज्यानें स्वतः मोजून कापलें आहे, त्यास युद्ध हा खेळ वाटणार नाहीं. इटलींत व ब्रह्मदेशांत आपले हिंदी सैनिकही अशाच गाड्यांतून गेले, आणि त्यांतले कित्येक परत आले नाहींत. त्यांच्या गाडीची प्रतिकृति करावयाची, तर ती खरीच करावी.