घाटावरचे ते 'घाटी', आणि मध्ये आपलं पनवेल

'घाटी' हा शब्द मुंबईत आज हिणवण्यासाठी वापरतात. पण मुळात तो निव्वळ पत्ता आहे: सह्याद्रीच्या घाटावर राहतो तो घाटी. कोकणातल्या माणसाने पुणे, सातारा, नगरकडच्या माणसाला दिलेलं नाव.

ही दोन जगं जिथे भेटत, त्यांपैकी एक मोठी जागा म्हणजे पनवेल. १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. देशावरचा, म्हणजे घाटावरचा, माल बैलगाड्यांनी पनवेल बंदरात येई आणि पुढे होड्यांनी मुंबईला जाई. गाड्यांची इतकी वर्दळ, की बैलगाडीची चाकं बनवणं हा पनवेलचा नावाजलेला धंदा होता! १८६३ साली रेल्वेने बोरघाट ओलांडला आणि ही वाहतूक रुळांवर गेली.

मग मुंबईत गिरण्या वाढल्या. सातारा, पुण्याकडची माणसं गिरण्यांत, गोदीत राबायला तिथे उतरली. कष्टकऱ्याची हेटाळणी त्या शब्दाला तिथे चिकटली. पुढे तर अमराठी लोक सरसकट मराठी माणसालाच घाटी म्हणू लागले, अगदी समुद्रकाठच्या कोकण्यालाही. भूगोलाच्या दृष्टीने हे साफ चूक आहे.

माझ्या मते हा शब्द टाकून देऊ नये, त्यातली हेटाळणी टाकावी. या माणसांनी मुंबईची ओझी वाहिली. ओझी वाहणाऱ्या कामगारांसाठीचा १९६९ चा माथाडी कायदा त्यांच्याच लढ्यातून आला.

तुमच्या घरी देशावरच्यांना काय म्हणायचे? आणि घाटावरचे कोकणातल्यांना काय म्हणायचे? आजी-आजोबांना विचारून खाली नक्की लिहा.