भट्टी तापली की न्यूट्रॉन कुठे जातात?

"सर, तारापूरची अणुभट्टी जास्त तापली तर बॉम्बसारखी फुटेल का?" वर्गात हा सवाल दरवर्षी येतो. घरी मोठी माणसंही विचारतात.

बॉम्बसारखी नाही फुटणार. तिथल्या इंधनात बहुतेक भाग युरेनियम-२३८ असतो आणि तापल्यावर तोच ब्रेक लावतो. कसा, ते बघू.

युरेनियम-२३५ फुटलं की न्यूट्रॉन सेकंदाला सुमारे २० हजार किलोमीटर वेगाने सुटतात. पाण्यात धडका खात मंद होतात आणि पुढचा अणू फोडतात. वाटेत युरेनियम-२३८ त्यांना गिळायला बसलेलंच असतं, पण काही ठरावीक वेगांच्याच न्यूट्रॉनवर त्याची पकड घट्ट असते. आता इंधन तापलं म्हणजे त्यातली अणुकेंद्रकं जास्त जोरात थरथरतात. सामोऱ्या येणाऱ्या केंद्रकाला तोच न्यूट्रॉन वेगवान भासतो, लांब जाणाऱ्याला संथ. त्यामुळे आधी थोडक्यात निसटणारेही कुणाच्या ना कुणाच्या तावडीत सापडतात. अगदी नेमक्या वेगावरची पकड जरा सैल होते खरी, पण तिथे जवळपास सगळे आधीच अडकत होते. एकूण न्यूट्रॉन कमी उरतात, भट्टी मंदावते. जवळ येणाऱ्या गाडीची शिट्टी बारीक ऐकू येते, तोच हा डॉप्लर परिणाम. उष्णता इंधनातच तयार होते, म्हणून ब्रेकही लगेच लागतो.

किती लागतो, हे कागदावर सहज सुटत नाही. १९४६ मध्ये आजारातून उठताना पत्ते लावत बसलेल्या स्टॅनिस्लॉ उलाम या गणितज्ञाला एक युक्ती सुचली. पुढे जॉन फॉन नॉयमन यांनी ती न्यूट्रॉनच्या हिशेबाला लावली. संगणकात लाखो न्यूट्रॉन एकेक करून सोडायचे. तो किती लांब गेला, कशाला धडकला, ते केंद्रक त्या क्षणी कुठल्या दिशेने किती वेगात होतं, हे दर वेळी चिठ्ठी टाकून ठरवायचं. चिठ्ठ्या मनाच्या नाहीत, तापमान बघून भरलेल्या. या पद्धतीचं नाव 'मॉन्टे कार्लो', तिथल्या जुगारखान्यावरून पडलेलं. जुगार नावापुरताच, बाकी सगळा हिशेब.

पण हा ब्रेक सगळ्यावर इलाज नाही. १९८६ साली चेर्नोबिलमध्ये पाण्याची वाफ झाल्यावर उलट जोर वाढेल अशी रचना होती, तिथे तो अपुरा पडला. २०११ मध्ये फुकुशिमात अणू फुटण्याची साखळी भूकंप होताच थांबली होती. तरी बंद केल्या क्षणीही मूळच्या सहा-सात टक्के उष्णता निघतच राहते. त्सुनामीने वीज गेली, पाणी फिरेना आणि इंधन वितळलं. तारापूरच्या १९६९ पासूनच्या पहिल्या दोन भट्ट्या त्याच, पाणी उकळणाऱ्या जातीच्या. म्हणून तारापूरबद्दल मी आधी हे विचारेन: वीज गेली तर पंप कशावर चालतील, आणि किती वेळ?