कॉलेज बदलताना : लेखांक ६
साडेतीनशे शब्दांतली तयारी

गेल्या आठवड्यात आपण विषयांची जुळणी पाहिली. कम्युनिटी कॉलेजातला कोणता विषय युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, म्हणजे यूसीमध्ये, कशाच्या जागी धरला जातो आणि ते 'असिस्ट'च्या संकेतस्थळावर कसं शोधायचं, हे त्यात आलं. ट्रान्सफरसाठी लागणाऱ्या ६० सेमिस्टर युनिट्सचा हिशेब जमला की घरात सगळ्यांना हायसं वाटतं आणि लिहायचं काम नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यावर जातं. ते तसं जाऊ देऊ नका, कारण अर्जात विद्यार्थ्याला स्वतःच्या शब्दांत बोलायची जागा एवढीच आहे. यूसी ट्रान्सफरसाठी मुलाखत घेत नाही आणि शिफारसपत्रंही सहसा मागत नाही.

मागणी थोडक्यात अशी. चार उत्तरं लिहायची, प्रत्येक जास्तीत जास्त ३५० शब्दांचं. त्यातला एक प्रश्न सगळ्यांना सक्तीचा असतो: निवडलेल्या मेजरसाठी तुम्ही कोणती तयारी केली आहे आणि वरच्या वर्षांचे अभ्यासक्रम तुम्हाला पेलतील हे कशावरून? उरलेले तीन प्रश्न सातांमधून निवडायचे. चारही उत्तरांना सारखंच वजन असलं, तरी आज मी या सक्तीच्या प्रश्नापाशीच थांबणार आहे, कारण सर्वाधिक घोटाळा तिथे होतो.

घोटाळा असा की मुलं बारावीत लिहिलेला निबंध थोडा फिरवून इथे देतात. सतराव्या वर्षी अर्ज करणाऱ्याचं लेखन वाचताना हे मूल पुढे काय होऊ शकेल, याचा अंदाज घ्यायचा असतो. ट्रान्सफर होऊन येणारा मात्र थेट तिसऱ्या वर्षात बसतो. पहिल्याच सत्रात त्याच्यापुढे त्या विषयाचे अवघड वर्ग येतात. त्यामुळे वाचणाऱ्याला आवड किती आहे यापेक्षा पाया किती पक्का आहे, हे कळायला हवं असतं.

दुसरी चूक मला जास्त अस्वस्थ करते. आपल्या मराठी घरांमधली मुलं कम्युनिटी कॉलेजबद्दल माफी मागत लिहितात. 'परिस्थितीमुळे मला इथे यावं लागलं' अशी सुरुवात आणि मग अर्धं उत्तर त्या परिस्थितीवर. याची काहीही गरज नाही. कॅलिफोर्नियाने १९६० साली उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन आखला, तेव्हाच कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात जाण्याची वाट त्यात आखून ठेवली होती. आजही ट्रान्सफरच्या जागा भरताना कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांच्या विद्यार्थ्यांना प्राधान्य मिळतं. अ‍ॅपलचे स्टीव्ह वॉझनियाक क्यूपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजात शिकून पुढे बर्कलीला गेले. ज्या वाटेने यावं अशीच रचना आहे, त्या वाटेने आल्याबद्दल ओशाळायचं कशाला?

आता प्रत्यक्ष लिहिण्याकडे येऊ. समजा, एका मुलीला अर्थशास्त्र घ्यायचं आहे. तिचा पहिला खर्डा साधारण असा असतो: 'मला लहानपणापासून अर्थशास्त्राचं आकर्षण आहे. मी कॅल्क्युलस, मायक्रो आणि मॅक्रो हे विषय चांगल्या गुणांनी पूर्ण केले. मी मेहनती आहे आणि आव्हानं मला आवडतात.' यातलं दुसरं वाक्य अर्जातल्या विषयांच्या यादीत आधीच आहे. पहिलं आणि तिसरं कोणीही लिहू शकतं. तिच्याशी तासभर बोलत बसलं, ती ज्या दुकानात काम करते तिथल्या कामाबद्दल विचारलं, की वेगळंच काही हाती लागतं. मूळ लेखन अर्थात इंग्रजीत होईल, पण मजकूर असा:

'फ्रीमाँटमधल्या एका भारतीय किराणा दुकानात मी गल्ल्यावर काम करते. जुलै २०२३मध्ये भारताने बासमती वगळता इतर पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, तेव्हा आमच्याकडे एका कुटुंबाला एकच पिशवी द्यायची असं ठरलं. भाव वाढला तरी सोना मसुरी नेणारं गिऱ्हाईक शेजारच्या दुसऱ्या तांदळाला हात लावत नव्हतं. पुढच्या सत्रात मायक्रोच्या वर्गात मागणीची लवचीकता शिकले आणि तो महिना आठवला. संख्याशास्त्राच्या प्रकल्पासाठी मालकांना विचारून विक्रीचे आकडे घेतले, भाव आणि खप यांचा संबंध मांडला. पण भीतीपोटी केलेली साठवण कुठली आणि नेहमीची मागणी कुठली, हे मला वेगळं काढता आलं नाही. त्यासाठी इकॉनोमेट्रिक्स लागतं. तिथे जाता यावं म्हणून या सत्रात मी लिनिअर अल्जेब्रा घेतलं आहे.'

या उताऱ्यातलं सर्वांत मोलाचं वाक्य 'वेगळं काढता आलं नाही' हे आहे. आपल्याला कुठवर येतं आणि कुठे अडतं, हे जो नेमकं सांगू शकतो तो पुढच्या वर्गाला तयार असतो. मुलं नेमकं हेच वाक्य खोडतात, कारण त्यात त्यांना कमीपणा वाटतो. मी ते परत लिहायला लावेन. आणखी एक पाहा: इथलं प्रत्येक विधान अर्जात दुसरीकडे दिसतं. नोकरी कामांच्या यादीत आहे, मायक्रो आणि संख्याशास्त्र विषयांच्या यादीत आहेत, लिनिअर अल्जेब्रा चालू सत्रात आहे. हे जुळणं महत्त्वाचं आहे, कारण यूसी काही अर्ज निवडून त्यातल्या दाव्यांचा पुरावा मागते.

एखादं सत्र बिघडलं असेल तर त्याचं स्पष्टीकरण इथे कोंबू नका. त्यासाठी अर्जात अधिक माहितीची स्वतंत्र जागा आहे. तिथे चार सरळ वाक्यांत काय झालं आणि नंतर काय बदललं ते लिहा. उरलेले तीन प्रश्न निवडताना एवढंच पाहा की तांदळाची गोष्ट पुन्हा येत नाही.

एक धोका पालकांनीही लक्षात घ्यावा. आपल्या वडिलांनी एच-वन बीवर येऊन काय सोसलं, आजीने गावाकडे काय विकून शिकवलं, हे मुलांना मनापासून लिहावंसं वाटतं आणि आपल्यालाही ते वाचताना भरून येतं. पण ३५०पैकी २०० शब्द वडिलांवर गेले तर प्रवेश मागणाऱ्या मुलाचं किंवा मुलीचं काही कळत नाही. शिवाय 'मी केलं' म्हणणं आपल्याला आत्मस्तुती वाटतं, म्हणून मुलं 'आमच्या गटाने केलं' असं लिहितात. गटात स्वतः काय केलं ते सांगणं ही फक्त माहिती आहे, बढाई नाही. पालकांनी खर्डा वाचावा, कुठे कळलं नाही ते विचारावं, पण वाक्यं बदलू नयेत. पन्नाशीतल्या इंजिनिअरची भाषा विशीतल्या मुलाच्या उत्तरात लगेच ओळखू येते.

यूसीचा अर्ज एकच असतो आणि तो तुम्ही निवडलेल्या सगळ्या कॅम्पसना जातो. म्हणून 'बर्कलीतच मला शिकायचं आहे' असं एका उत्तरात लिहिलंत, तर ते वाक्य डेव्हिस आणि अर्व्हाइनलाही वाचायला मिळेल. उत्तरांत कॅम्पसचं नाव येऊच देऊ नका. अर्ज १ ऑक्टोबरपासून सादर करता येतो आणि मुदत साधारण नोव्हेंबरच्या अखेरीस संपते, पण प्रश्न ऑगस्टपासूनच उघडलेले असतात. सक्तीच्या उत्तराचा पहिला खर्डा सप्टेंबरात लिहा, म्हणजे चालू सत्रात आणखी काय करायचं राहिलं आहे ते त्यातूनच दिसेल आणि ते करायला वेळही असेल. जानेवारीत गुणांची अद्ययावत माहिती द्यावी लागते, तिचा तपशील पुढे येईल.

खासगी कॉलेजांचं गणित वेगळं आहे. 'तुम्हाला कॉलेज का बदलायचं आहे आणि आमच्याकडेच का?' असं त्यांतली बरीचशी उघड विचारतात. तिथे नाव घेणं भागच असतं, आणि आत्ताच्या कॉलेजबद्दल कडवट न होता कसं लिहायचं हा खरा पेच असतो. पुढच्या आठवड्यात त्याकडे वळू.