फुलली, पण फळेना

व्हॅनिला म्हटले की आइसक्रीम आठवते. पण हा सुवास एका वेलीच्या शेंगेचा आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. ऑर्किडच्या कुळातील ही वेल मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील. मेक्सिकोतील टोटोनाक लोकांना तिच्या शेंगांचा गुण फार पूर्वीपासून ठाऊक होता. स्पॅनिश लोकांनी शेंग युरोपात नेली, मागाहून वेलही गेली. काचघरांत ती वाढली, फुललीही. शेंग मात्र धरेना.

दोष हवेचा नव्हता. या फुलात पराग आणि कुक्षी अगदी जवळजवळ असतात; परंतु दोहोंमध्ये एक नाजूक पडदा असतो. मायदेशी तो ओलांडण्याचे काम मधमाश्या करतात. वेल नेणाऱ्यांनी त्या काही बरोबर नेल्या नव्हत्या! त्यातून फूल सकाळी उमलते आणि त्याच दिवशी मिटते. १८३६ मध्ये बेल्जियममधील लिएज येथे शार्ल मॉरेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने हाताने परागसिंचन करून शेंगा मिळविल्या; पण मळेवाल्यांच्या हाती सोपी युक्ती आली नाही.

ती आली हिंदी महासागरातील बूर्बों, म्हणजे आजच्या रेयुनियों बेटावरून. फ्रेंचांनी १८२० च्या सुमारास तेथे ही वेल नेली होती, आणि वीस वर्षे ती नुसतीच फुलत होती. १८४१ मध्ये एदमों नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने तो पडदा उचलला आणि अंगठ्याने पराग कुक्षीवर दाबला. काम क्षणाचे, शेंग धरली. धन्याने त्याला इतर मळ्यांवर शिकविण्यास धाडले. पुढे एका वनस्पतिशास्त्रज्ञाने हे श्रेय स्वतःकडे घेऊ पाहिले. तेव्हा धन्यानेच पत्र लिहून मुलाची बाजू मांडली, हे त्याच्या पदरी टाकले पाहिजे. मात्र बेट श्रीमंत झाले तरी त्या मुलाच्या हाती काही आले नाही. १८४८ मध्ये गुलामगिरी संपली, त्याला आल्बियुस हे आडनाव मिळाले, आणि १८८० मध्ये तो दारिद्र्यात वारला.

पुढे मादागास्कर या पिकात अग्रेसर झाले. कर्नाटक आणि केरळातही सुपारीच्या बागांतून ही वेल चढली. २००० नंतर भाव कडाडले तेव्हा लागवड वाढली, भाव कोसळताच पुष्कळांनी ती सोडली. जेथे ती टिकली आहे, तेथे बहराच्या दिवसांत माणसे आजही सकाळीच काडी घेऊन बागेत शिरतात आणि एकेका फुलाचा पडदा उचलतात. शेंग पक्व व्हायला त्यानंतर सुमारे नऊ महिने लागतात.