पोराची पहिली नाव

शेतकऱ्याच्या घरी मुलगा हाताशी आला की बैलजोडीचा विषय निघतो, ढिवराच्या घरी नावेचा. बाप थकलेला असतो, जुन्या डोंग्याच्या बुडाला चिरा गेलेल्या असतात आणि अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा दुसऱ्याच्या नावेत वाट्याने जाळे ओढून कंटाळलेला असतो. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत वैनगंगा, वर्धा, प्राणहिता, इंद्रावती आणि गोदावरीच्या काठांवर ही चर्चा अनेक घरांतून होते. बाजारातून रोहू किंवा मरळ पिशवीत घालून आणणाऱ्या आपल्याला तिची गंधवार्ताही नसते. घर मात्र त्या एका निर्णयावर पुढची दहा वर्षे तरते किंवा बुडते.

नाव घेताना पहिला प्रश्न पैशांचा वाटतो, पण तो खरा पाण्याचा आहे. नाव कुठल्या पाण्यात घालायची? पूर्व विदर्भ हा तलावांचा मुलूख. गोंड राजांच्या काळापासून इथे तलाव बांधले गेले. कोहळी समाजाने त्यात नाव कमावले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि ‘माजी मालगुजारी’ या शब्दांवरून ते ‘मामा तलाव’ झाले. भंडारा-गोंदियासह चार जिल्ह्यांत त्यांची संख्या सहा हजारांहून अधिक आहे. हे तलाव बहुतेक उथळ, पाणी संथ. आसोलामेंढा किंवा घोडाझरीसारख्या मोठ्या जलाशयांत वारा सुटला की लाटा उठतात. नदीची तर गोष्टच वेगळी. तिथे धार आहे, रेतीचे पट्टे आहेत, खडक आहेत आणि वरच्या धरणातून सोडलेले पाणीही आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसीखुर्दच्या विसर्गाने वैनगंगेला आलेला पूर ब्रह्मपुरी, आरमोरी, वडसा भागातले लोक विसरलेले नाहीत. तलावासाठी चांगली असलेली नाव नदीत घालणे म्हणजे पायवाटेची सायकल हमरस्त्यावर मालमोटारींच्या मध्ये घालण्यासारखे आहे.

या भागाची जुनी नाव म्हणजे डोंगा. एकाच झाडाचा बुंधा कुऱ्हाडीने आणि वाकसाने कोरून तो करतात. त्यात सांधा नाही, खिळा नाही, म्हणून गळती कमी. शिवाय लाकूड पाण्यापेक्षा हलके, त्यामुळे डोंगा पाण्याने भरला तरी तळाला जात नाही, माणसाला धरायला काहीतरी उरते. पण तो अरुंद असतो, बूड गोल असते. माणूस एकदम उभा राहिला किंवा दोघे एकाच बाजूला वाकले की डोंगा कलंडतो. शिवाय एवढ्या घेराचे झाड आता आणायचे कुठून? जंगल उशाला असले तरी झाड तोडायला परवानगी लागते, आणि ती लागायलाच हवी. म्हणून नव्या मुलाच्या वाट्याला बहुधा जुना डोंगाच येतो. तो घेताना बुडावर सुरीचे टोक दाबून पाहावे. लाकडात टोक सहज रुतले तर ते सडले आहे, वरचे डांबर कितीही काळेभोर चमकत असले तरी. दोन अरुंद डोंगे मध्ये अंतर ठेवून आडव्या बांबूंनी घट्ट जोडले, तर कलंडण्याची भीती बरीच कमी होते.

सर्वांत स्वस्त साधन म्हणजे मोठ्या टायरची हवा भरलेली ट्यूब. तिच्यावर फळी टाकून मुले तलावात जाळे लावतात. खर्च थोडा, डोक्यावर घेऊन जाता येते. पण बाभळीचा एक काटा किंवा पाण्याखालचे एखादे थुट लागले की संपले. शिकण्यापुरती, काठाजवळ, सोबत कोणी असताना ती ठीक. तिच्यावर संसार मांडू नये.

उरल्या फळ्यांच्या, पत्र्याच्या आणि फायबरच्या नावा. फळ्यांची नाव गावचा सुतार दुरुस्त करू शकतो, पण दरवर्षी सांधे भरावे लागतात. पत्र्याची स्वस्त पडते, पण गंजते. फायबरची हलकी, टिकाऊ, पण महाग. शेवटच्या दोन्हींत एक गोष्ट विक्रेता आपणहून सांगेलच असे नाही. पत्रा आणि फायबर दोन्ही पाण्यापेक्षा जड आहेत, म्हणजे पाणी भरले की अशी नाव तळ गाठते. म्हणून दोन्ही टोकांना बंद हवेचे कप्पे आहेत का, हे आधी पाहावे. नसतील तर झाकण पक्के बंद केलेले वीस लिटरचे रिकामे कॅन टोकांना घट्ट बांधावेत. एक कॅन साधारण वीस किलो वजन तरंगत ठेवतो.

आता थोडे गणित, शाळेतल्या आर्किमिडीजचे. बारा फूट लांब, तीन फूट रुंद, सपाट बुडाची नाव घेतली आणि टोके निमुळती धरली, तर तळ सुमारे अडीच चौरस मीटर भरतो. अशी नाव एक सेंटीमीटर खाली गेली की पंचवीस किलो वजन पेलते. नाव स्वतः शंभर किलोंची असेल तर ती चार सेंटीमीटर बुडाली. दोन माणसे, ओले जाळे आणि मासळी मिळून दीडशे किलो धरले तर आणखी सहा. काठ चौदा इंच, म्हणजे पस्तीस सेंटीमीटर उंच असेल तर पंचवीस सेंटीमीटर पाण्यावर उरतात, एक वीतभर. याच नावेत आणखी सहा माणसे बसवली, प्रत्येकी पन्नास किलोंची, तर उरतात जेमतेम तेरा. मग एकाने बाजूला वाकायचा अवकाश, पाणी आत येते.

हे सांगायचे कारण आहे. पूल दूर असलेल्या गावी मासेमारीची नाव हाच पलीकडे जायचा रस्ता होतो. शेजारीण म्हणते, तेवढे पोचवून दे रे बाबा. नाही म्हणवत नाही, आणि चार पैसेही मिळतात. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ मिरची तोडायला निघालेल्या बायांची नाव वैनगंगेत उलटली आणि अनेक जणी परत आल्या नाहीत. ज्या मुलाच्या हाती आपण वल्हे देतो, त्याच्या हाती कधी ना कधी दुसऱ्यांचे जीव येणार आहेत. म्हणून नावेत किती माणसे बसतील हे घरच्यांनी पहिल्याच दिवशी ठरवावे आणि तेवढ्या खुणेची रेघ नावेच्या बाहेरच्या बाजूला रंगाने मारावी. रेघ बुडाली की नाही म्हणायला मुलाला तोंड वर करावे लागत नाही, रेघच नाही म्हणते.

राहिला पैसा. सोपी वाट म्हणजे मासळीच्या व्यापाऱ्याकडून उचल. तो आज नाव देतो, पण मग मासळी त्यालाच, त्याच्याच भावाने. दुसरी वाट लांबची आहे, पण मोकळी. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय सहायक आयुक्तांच्या कार्यालयात आणि आपल्या मच्छीमार संस्थेत आधी चौकशी करावी. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अनुदानाचे प्रमाण सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के ठरवले गेले. ढिवर समाज महाराष्ट्रात भटक्या जमातींत मोडतो, त्यामुळे मुलाच्या नावे आणि आईच्या नावे केलेल्या अर्जात फरक पडू शकतो. बाजारात टोपली घेऊन बसणारी, हिशेब ठेवणारी तीच असते, मग नाव तिच्या नावे का नसावी? अनुदान सहसा खरेदीनंतर हाती येते, एवढे मात्र धरून चालावे. नावेआधी संस्थेचे सभासदत्व घ्यावे, कारण तलाव ठेक्याने संस्थेकडे असेल तर नुसत्या नावेचा उपयोग नाही. वनहक्क कायदा २००६ ने जंगलातल्या पाण्यातील मासळीवरही सामूहिक हक्क मान्य केला आहे. गावाला तो मिळाला असेल तर ग्रामसभेत विचारावे.

थोडक्यात, पहिली नाव छोटी असावी, सपाट बुडाची असावी, गावातच दुरुस्त होणारी असावी आणि भरली तरी न बुडणारी असावी. थोडे पैसे उरवून अंगात घालायचे जीवरक्षक जाकीट घ्यावे. पोहता येणाऱ्या मुलाला ते कमीपणाचे वाटते. पण पायात जाळे अडकले की पट्टीच्या पोहणाऱ्याचेही काही चालत नाही. मोठी नाव दोन हंगामांनी घेता येईल. त्यासाठी मुलगा रोज संध्याकाळी काठाला लागला पाहिजे.