एआय एजंटला काम सांगताना 'टूल'चं वर्णन स्पष्ट का हवं?

आपल्या घरातली बरीच मुलं आज एआयचं काम शिकत आहेत. त्यांच्यासाठी एक साधी पण महत्त्वाची गोष्ट आम्ही इथे सांगत आहोत.

चॅटबॉट उत्तर देतो. एआय एजंट त्यापुढे जाऊन तिकीट काढतो, पैसे पाठवतो. त्यासाठी तो 'टूल' वापरतो. टूलमागचा कोड त्याला सहसा दिसत नाही. त्याला दिसतं ते टूलचं नाव, वर्णन आणि कोणती माहिती भरायची त्याची यादी. तेवढं वाचूनच तो कोणतं टूल वापरायचं हे ठरवतो.

समजा, वर्णनात एवढंच लिहिलं: "तिकीट काढतं. तारीख द्या." मग ०५/०६ म्हणजे ५ जून की ६ मे? इथे चूक झाली तर पैसे जातील आणि लग्नाला निघालेलं कुटुंब स्टेशनवरच अडकेल.

त्याऐवजी असं लिहा: "रेल्वेचं तिकीट काढतं. पैसे लगेच कापले जातात, म्हणून आधी ग्राहकाला विचारा. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी द्या, उदा. २०२६-०६-०५. फक्त गाड्या शोधायच्या असतील तर हे टूल वापरू नका. तिकीट निघाल्यावर पीएनआर नंबर मिळतो."

अर्थात, नुसत्या वर्णनावर विसंबू नका. पैसे कापण्याआधी ग्राहकाची मंजुरी घेण्याची अट कोडमध्येही हवीच.

दुकानात नवीन आलेल्या पोऱ्याला आपण जसं सगळं समजावून सांगतो, तसंच हे आहे. आपल्याला माहीत आहे ते त्यालाही माहीत असेल, असं धरून चालायचं नाही.