विद्यार्थ्यांच्या हाती सोपविलेले नागरिकशास्त्र : युरोपातील एक शालेय उपक्रम

मतदानाचा हक्क कायद्याने एका दिवसात मिळतो. तो विचारपूर्वक बजावण्याची सवय मात्र कायद्याने लागत नाही. युरोपातील राष्ट्रांना हा अनुभव ठळकपणे आलेला आहे. सन १९७९ च्या जून महिन्यात युरोपीय संसदेची पहिली प्रत्यक्ष निवडणूक झाली, तेव्हा सुमारे ६२ टक्के मतदारांनी मतदान केले. पुढे दर पाच वर्षांनी होणाऱ्या प्रत्येक निवडणुकीत हे प्रमाण घटत गेले व सन २०१४ मध्ये ते ४३ टक्क्यांच्याही खाली आले. त्या वर्षी २५ वर्षांखालील मतदारांत मतदान करणारे शेकडा २८ च्या आसपास होते, असे निवडणुकीनंतरच्या पाहणीत आढळले. म्हणजे शाळेतून नुकतेच बाहेर पडलेले, नागरिकशास्त्राची परीक्षा उत्तीर्ण झालेले तरुणच मतदान केंद्राकडे पाठ फिरवीत होते. हा प्रश्न राजकारणाचा आहे तितकाच शिक्षणाचाही आहे. त्याला उत्तर म्हणून तेथील शाळांतून जे प्रयत्न सुरू झाले, त्यांपैकी विद्यार्थ्यांनी स्वतः चालवावयाच्या एका उपक्रमाची माहिती येथे दिली आहे.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या युरोपात पुन्हा युद्ध होऊ नये, या हेतूने फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शुमां यांनी ९ मे १९५० रोजी एक योजना जाहीर केली. कोळसा व पोलाद ही युद्धाची साधने. त्यांचे उत्पादन फ्रान्स व जर्मनी यांनी एका समाईक अधिकारमंडळाच्या हाती द्यावे व इतर राष्ट्रांनाही त्यात सामील होण्यास मुभा असावी, असे त्या योजनेचे सूत्र होते. त्यानुसार सन १९५१ मध्ये पॅरिस येथे सहा राष्ट्रांनी करार केला. त्या बीजातूनच पुढे आजचा युरोपीय संघ वाढला. ब्रिटन सन २०२० मध्ये बाहेर पडल्यानंतर संघात २७ राष्ट्रे असून त्यांच्या २४ भाषांना अधिकृत भाषांचा दर्जा आहे. ९ मे हा दिवस ‘युरोप दिन’ म्हणून पाळला जातो.

सन २०२४ च्या निवडणुकीपासून संघाच्या संसदेत ७२० सभासद आहेत. लोकसंख्येनुसार जर्मनीला ९६ जागा आहेत, तर माल्टासारख्या चिमुकल्या राष्ट्राला ६. सभासद आपल्या राष्ट्राप्रमाणे नव्हे, तर विचारांच्या गटाप्रमाणे बसतात. विधेयक मांडण्याचा अधिकार सर्वसाधारणपणे युरोपीय आयोगाकडे आहे. ते संमत करण्याचे काम संसद व राष्ट्रांच्या मंत्र्यांची परिषद ही दोन्ही मिळून करतात. असे हे यंत्र गुंतागुंतीचे व सामान्य माणसाच्या घरापासून दूरचे. ते पुस्तकातून पाठ केले, तरी त्याच्याशी आपला काही संबंध आहे असे विद्यार्थ्याला सहजी वाटत नाही. नेमकी हीच उणीव भरून काढण्यासाठी युरोपीय संसदेने माध्यमिक व व्यवसायशिक्षणाच्या शाळांसाठी ‘संसद-दूत शाळा’ हा उपक्रम काढला.

उपक्रमाचे स्वरूप

या उपक्रमात भाग घेणाऱ्या शाळेत दोन प्रकारचे दूत असतात. काही शिक्षक ‘ज्येष्ठ दूत’ होतात व काही विद्यार्थी ‘कनिष्ठ दूत’ होतात. ज्येष्ठ दूतांना अगोदर प्रशिक्षण व पाठांचे साहित्य मिळते. वर्गात संघाची रचना, नागरिकांचे हक्क व संसदेचे काम यांचे पाठ घेण्याची जबाबदारी त्यांची. पाठांनंतरच्या कामाचा भार मात्र कनिष्ठ दूतांनी उचलावयाचा असतो.

हे काम मुख्यत्वे तीन प्रकारचे आहे. पहिले, शाळेत एक माहितीकक्ष मांडणे व तो चालू ठेवणे. शाळेतील कोणाही मुलाने तेथे येऊन वाचावे, विचारावे, आपला प्रश्न मांडावा, अशी अपेक्षा असते. दुसरे, युरोप दिनाच्या सुमारास शाळेत एखादा कार्यक्रम योजणे. मग तो वादविवाद असो, प्रदर्शन असो किंवा गावातील नागरिकांशी संवाद असो. तिसरे, आपल्या भागातून निवडून गेलेल्या संसद-सभासदाशी संपर्क साधणे व त्याला प्रश्न विचारणे. वर्षाच्या शेवटी या सर्व कामाची पाहणी होते आणि ते समाधानकारक असल्यास शाळेला ‘संसद-दूत शाळा’ म्हणून मान्यता मिळते.

काही विद्यार्थ्यांना फ्रान्समधील स्ट्रासबूर येथील संसद-भवनात एक दिवस प्रत्यक्ष सभागृहात बसण्याची संधीही मिळते. निरनिराळ्या राष्ट्रांतील १६ ते १८ वर्षांची मुले तेथे एकत्र येतात, प्रश्नांची चर्चा करतात आणि शेवटी मत देतात. ज्याची भाषा आपल्याला येत नाही अशा मुलाशी एखाद्या प्रश्नावर एकमत करावयाचे, हा अनुभव कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळण्यासारखा नाही.

अभिरूप मतदान

याच जातीचा एक उपक्रम जर्मनीत सन १९९९ पासून चालत आला आहे. खऱ्या निवडणुकीच्या सुमारास शाळांतून विद्यार्थ्यांचे अभिरूप मतदान घेतले जाते. त्यापूर्वी काही आठवडे वर्गात पक्ष, त्यांचे जाहीरनामे व मतदानाची पद्धत यांचा अभ्यास होतो. नंतर विद्यार्थ्यांमधूनच निवडणूक समिती नेमली जाते. मतदारयाद्या करणे, मतदारांना सूचनापत्रे देणे, आडोसा व मतपेटी मांडणे, मते मोजणे ही सर्व कामे तीच करते. निकाल मात्र खऱ्या निवडणुकीचे मतदान संपेपर्यंत जाहीर करीत नाहीत. मुलांच्या मताचा प्रौढ मतदारांवर परिणाम होऊ नये, ही दक्षता त्यामागे आहे.

ही केवळ खेळातली निवडणूक आहे असे समजण्याचे कारण नाही. ऑस्ट्रियाने सन २००७ मध्ये मतदानाचे वय १६ वर आणले. सन २०२४ च्या संसद-निवडणुकीत ऑस्ट्रियासह जर्मनी, बेल्जियम व माल्टा येथील १६ वर्षांच्या तरुणांना आणि ग्रीसमधील १७ वर्षांच्या तरुणांना मत देता आले. तेथील वर्गात बाकावर बसलेला विद्यार्थी हा खराखुरा मतदार असतो.

शिक्षकाने कोठे थांबावे

येथे एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. संसदेनेच काढलेला, तिच्याच साहित्यावर चालणारा हा उपक्रम. तेव्हा हे शिक्षण की प्रचार, अशी शंका कोणी घेतली तर तिला उत्तर काय? या शंकेचे उत्तर उपक्रमाच्या नावात नाही. ते शिक्षकाच्या वर्तनात आहे.

या बाबतीत जर्मन शिक्षकांचा एक जुना निर्णय मार्गदर्शक आहे. सन १९७६ मध्ये बॉयटेल्सबाख या गावी राजकीय शिक्षणाच्या जाणकारांची बैठक झाली. त्यांचे आपसांत तीव्र मतभेद होते. तरीही त्या चर्चेतून तीन नियम निघाले व ते पुढे सर्वमान्य झाले. पहिला नियम असा की, शिक्षकाने आपले मत विद्यार्थ्यावर लादू नये व त्याच्या स्वतंत्र विचाराला अडथळा करू नये. दुसरा असा की, समाजात व विद्वानांत जो प्रश्न वादग्रस्त आहे तो वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडावा. एक बाजू सांगून दुसरी झाकू नये. तिसरा असा की, विद्यार्थ्याला एखाद्या परिस्थितीचे व त्यातील आपल्या हिताचे परीक्षण करता यावे, आणि तीवर परिणाम घडविण्याचे मार्ग शोधता यावेत.

जर्मनीत सन १९३३ ते १९४५ या काळात शाळांचा उपयोग मुलांची मने एका साच्यात ओतण्यासाठी झाला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे पहिल्या नियमाचे मोल कळते. या कसोटीने पाहता, संसदेला स्वतःहून विधेयक मांडण्याचा अधिकार असावा की नसावा, या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी वाद घालणारी मुले शिक्षण घेत आहेत. केवळ ध्वज रंगविणारी व घोषणा देणारी मुले मात्र समारंभ करीत आहेत. माहितीकक्षातील फलकावर टीकेचे पत्र लागू शकते काय, हे पाहिले म्हणजे उपक्रम कोणत्या बाजूचा आहे ते उमगते.

उपक्रमाची मर्यादा

अशा प्रयत्नांनी सर्व काही साधते, असा दावा करता येणार नाही. सन २०१९ मध्ये २५ वर्षांखालील मतदारांचे प्रमाण वाढून सुमारे ४२ टक्के झाले, तेव्हा मोठी आशा निर्माण झाली. पण सन २०२४ मध्ये एकूण मतदान जवळजवळ तेवढेच राहिले, तरी या वयोगटाचे प्रमाण पुन्हा ३६ टक्क्यांवर उतरले. मतदानावर महागाई, बेकारी, पक्षांवरील विश्वास अशा अनेक गोष्टींचा परिणाम होतो व त्या शाळेच्या हातातील नाहीत. सभा कशी चालवावी, विरुद्ध मत कसे ऐकून घ्यावे आणि हरल्यावरही कामात कसे राहावे, एवढे शाळा शिकवू शकते. ते काम थोडे नाही.

आपल्या शाळांसाठी बोध

आपल्या प्राथमिक शाळांतून शालेय मंत्रिमंडळाची प्रथा आहे. तथापि पुष्कळ ठिकाणी मुख्यमंत्री कोण व्हावा हे गुरुजींनीच ठरविलेले असते आणि शपथविधीनंतर त्या मंत्रिमंडळाची एकही सभा भरत नाही. युरोपातील उपक्रमाचे साहित्य आपल्याकडे आणण्याचे कारण नाही. त्यातील तत्त्व मात्र घेण्यासारखे आहे. खेळाच्या साहित्याचे वाटप, वाचनालयातील पुस्तकांची देवघेव किंवा पाण्याच्या टाकीजवळची स्वच्छता यांपैकी एकच काम असले तरी चालेल, परंतु त्याचा निर्णय खरोखर मुलांच्या हाती असावा. निवड गुप्त मतदानाने व्हावी. सभेचे इतिवृत्त मुलांनीच लिहावे, भाषा अशुद्ध असली तरी. मुलांचा एखादा निर्णय मुख्याध्यापकांना मान्य करता आला नाही, तर त्याची कारणे मुलांना सभेत सांगावीत.

मतदानाची रीत शिकविण्यास प्राथमिक शिक्षकाइतका योग्य मनुष्य गावात दुसरा क्वचितच सापडेल. निवडणुकीच्या कामावर त्याने मतदारयादी, बोटावरची शाई व मताची गुप्तता ही सर्व प्रत्यक्ष हाताळलेली असतात. तोच अनुभव वर्गात खोक्याच्या मतपेटीने व कागदाच्या चिठ्ठ्यांनी देता येतो. मात्र गावात गट असतात व शिक्षकाकडे दोन्ही गटांचे डोळे लागलेले असतात. अशा वेळी बॉयटेल्सबाखचे पहिले दोन नियम शिक्षकाचे रक्षणच करतील. गावच्या चालू तंट्याचा विषय सभेसाठी घेऊ नये, आणि जो विषय घेतला असेल त्याच्या दोन्ही बाजू मुलांकडूनच मांडवाव्यात.

शालेय वर्षाच्या अखेरीस शिक्षकांनी एवढीच पाहणी करावी : इतिवृत्ताची वही उघडावी व मुलांनी घेतलेल्या निर्णयांपैकी किती अमलात आले ते मोजावे. ती संख्या दोन किंवा तीन असली, तरी त्या शाळेत नागरिकशास्त्राचा पाठ झाला असे समजण्यास हरकत नाही. वही कोरी असेल, तर पुढच्या जूनमध्ये सुरुवात कोठून करावयाची हे निराळे सांगावयास नको.